‘पासाझेर्का’ : अर्ध्यावर राहिलेल्या युद्धपटाची पार्श्वभूमी

पोलंडच्या युद्धपटांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं दिग्दर्शक आंद्झेई वायदाचं. त्याच्याच पिढीतला आंद्झेई मुंक मात्र मागे पडतो, आणि त्याचा ‘पासाझेर्का’ म्हणजे ‘प्रवासी स्त्री’ तर फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. जेमतेम तासाभराचा सिनेमा आहे. शोधून पाहावा असा.

मूळ गोष्ट पोलिश लेखिका झोफिया पोस्मिश यांची. १९४२ साली त्यांना नाझींच्या ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं, कैदी क्रमांक ७५६६. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी पॅरिसच्या एका चौकात त्यांच्या कानावर जर्मन बोलणाऱ्या बाईचा चिरका आवाज पडला आणि काळजाचा ठोका चुकला. छावणीत आपल्यावर देखरेख करणारी तीच ही! वळून पाहिलं तर कुणी दुसरीच होती. पण खरंच ती असती तर? या प्रश्नातून १९५९ मध्ये त्यांनी पोलिश रेडिओसाठी नाटक लिहिलं. त्यात त्यांनी बाजू उलटी केली, आणि मला यातच त्यांचं धाडस दिसतं. इथे दचकते ती पूर्वीची पहारेकरीण लीझा. जहाजावर तिला एक बाई दिसते, अगदी मार्तासारखी; छावणीत या कैदी मार्ताला तिने आपल्या मुठीत ठेवलं होतं. लीझा नवऱ्याला आधी सोयीची हकिकत सांगते. मग मनाशी दुसरी आठवते, ती बरीच खरी असते.

मुंकने हे आधी टीव्हीसाठी केलं, मग सिनेमाला हात घातला. छावणीतला भाग थेट ऑशविट्झमध्येच चित्रित केला. सिनेमा अर्धवट असतानाच २० सप्टेंबर १९६१ रोजी मोटार अपघातात तो गेला. चाळिशीच्या आसपासचं वय.

सिनेमा हाती घेतला व्हितोल्द लेशेविचने. मुंकच्या मनात काय होतं याचा अंदाज बांधून नवे प्रसंग घुसडायचे नाहीत, असं सहकाऱ्यांनी ठरवलं. जहाजाचा भाग स्थिर छायाचित्रांतून येतो, निवेदक अधूनमधून प्रश्न विचारतो आणि उत्तर न देता पुढे जातो. मुंकच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, १९६३ मध्ये, सिनेमा प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला.

छावणीतलं एक दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. लहान मुलांची रांग पायऱ्या उतरून गॅसच्या कोठडीकडे चालली आहे. पहाऱ्यावरच्या सैनिकाजवळ मोठा कुत्रा आहे. एक चिमुरडी थांबते, कुत्र्याला गोंजारते आणि रांगेबरोबर खाली जाते.