शिळ्या भातामागची दीडशे वर्षं

दुपारचा उरलेला भात झाकण घालून ओट्यावर ठेवला, रात्री त्याला फोडणी दिली आणि दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या, की संशय तेलावर नाहीतर पाण्यावर जातो. खरा अपराधी बहुधा शेतातूनच तांदळाला चिकटून आलेला असतो. ‘बॅसिलस सिरियस’ हा मातीतला जिवाणू परिस्थिती बिघडली की बीजाणू होऊन निपचित पडतो, आणि साध्या उकळीने तो मरत नाही. ही झोप शास्त्राच्या ध्यानात यायला फार वेळ लागला, कारण वाढत नाही तो मेला असंच गृहीत धरलं जायचं.

१८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये हेन्री चार्ल्टन बॅस्टियन हा डॉक्टर सांगत होता की काढा उकळून कुपी बंद केली तरी आत जीव दिसतो, म्हणजे तो निर्जीवातून आपोआप उपजतो. ब्रेस्लाऊच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोनने १८७६ मध्ये वाळल्या गवताच्या काढ्यातले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काहींच्या पोटात चकाकणारे लंबगोल दाणे होते. उकळीत जिवाणू जात होते, दाणे टिकत होते. त्याच वर्षी रॉबर्ट कॉखने कोनच्याच प्रयोगशाळेत काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) जिवाणूचे बीजाणू दाखवले.

भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलला याचा फटका प्रत्यक्ष बसला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जुनं वाळलं गवत आणल्यापासून तिथले सगळेच काढे नासू लागले. शेवटी त्याला प्रयोग क्यू इथल्या उद्यानात हलवावे लागले. तासन् तास उकळूनही न निवळणारा काढा थोडा थोडा वेळ, पण अनेकदा तापवला तर निर्जंतुक होतो, हे त्याने १८७७ मध्ये दाखवलं. मधल्या उबेत बीजाणू फुटतात आणि फुटलेला जिवाणू पुढच्या उकळीत मरतो. पुढे रूढ झालेली रीत अशी: तीन दिवस रोज १०० अंशांवर २० ते ३० मिनिटं, मधल्या काळात ऊब. साध्या पाण्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. पाण्यात पोषण नाही, म्हणून बीजाणू जागेच होत नाहीत.

बीजाणू इतका चिवट का, याचं एक मोठं कारण पाणी. वाढणाऱ्या पेशीत वजनाच्या सुमारे ८० टक्के पाणी असतं. बीजाणूच्या गाभ्यात ते २५ ते ५० टक्क्यांवर येतं. उरलेली जागा कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल अडवून बसतं. बीजाणूच्या कोरड्या वजनात या आम्लाचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास. शिवाय डीएनएला प्रथिनांचं वेष्टण. अमिनो आम्ल किंवा साखर मिळाली की काही मिनिटांत हे सगळं सुटतं, आणि आधी मिळालेली उष्णता अनेक बीजाणूंना लवकर फुटायला मदतच करते. म्हणजे भात शिजवणं ही स्पर्धक मारून बीजाणूला जागं करण्याचीच क्रिया ठरू शकते.

डबाबंद उद्योगाने हा धडा पैसे घालवून घेतला. शिंपल्यांच्या फुगलेल्या डब्यांचा शोध घेत १८९५ पासून बोस्टनमध्ये डबाबंद कंपनीचा विल्यम अंडरवूड आणि एमआयटीचा सॅम्युएल प्रेस्कॉट यांनी डब्याच्या मध्यभागी उष्णता किती पोहोचते हे मोजलं. पुढे अमेरिकेत ऑलिव्हमधून बोट्युलिझम (जिवाणूच्या विषाने होणारा जीवघेणा लकवा) झाल्यावर संशोधक एस्टी आणि मायर यांनी १९२२ मध्ये त्या जिवाणूच्या ६० अब्ज बीजाणूंवर प्रयोग केले. १२१ अंशांवर सुमारे तीन मिनिटांचा नियम तिथून आला. आपला कुकरही साधारण १२० अंशांपर्यंत जातो, पण वाफेचा सरळ झोत येण्याआधीच शिटी लावली तर आत हवा अडकते आणि दाब पुरा असूनही तापमान कमी राहतं.

बॅसिलस सिरियसवरचा आरोप पक्का केला नॉर्वेचा संशोधक स्टायनर हाउगे याने. १९४७ ते १९४९ मध्ये ऑस्लोत व्हॅनिला सॉसमुळे सुमारे ६०० माणसं आजारी पडली. मक्याच्या पिठातले बीजाणू शिजून वाचले होते आणि सॉस एक दिवस उबेत पडून होता. हाउगेने हा जिवाणू वाढवलेला २०० मिलिलिटर सॉस स्वतः प्यायला. साधारण १३ तासांनी पोटात कळा आणि जुलाब. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे उलट्यांचा दुसरा प्रकार समोर आला. शीत मोकळं राहावं म्हणून उकडलेला भात तिथे फ्रिजबाहेर ठेवत. त्यात तयार झालेलं विष १२१ अंशांवर ९० मिनिटं टिकतं, तेव्हा कढईतली परत तापवणी त्याला काय करणार? मोठं पातेलं रात्रभर कोमट राहतं, तिथेच घोळ होतो. भात परातीत पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा.

बीजाणू न करणारेही झोपतात. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगरला पेनिसिलिनमधून दहा लाखांत एखादा स्टॅफिलोकोकस (जखमेत पू करणारा जिवाणू) जिवंत उरलेला आढळला. त्याची संततीही औषधाला बळी पडत होती, म्हणजे हा प्रतिकार नव्हता, नुसती झोप. १९८२ मध्ये अमेरिकेच्या रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी पटकीचे जिवाणू आणि आतड्यातला ई. कोलाय प्रयोगशाळेतल्या बशीवर वसाहत न देताही जिवंत राहतात हे दाखवलं. चाचणी साधी: यीस्टचा अर्क पोषणासाठी, आणि विभाजन अडवायला नॅलिडिक्सिक आम्ल. जिवंत पेशी लांबट होते, मेलेली तशीच राहते.

जपानमध्ये १९९८ साली खारवलेल्या सॅमनच्या अंड्यांतून ई. कोलायचा ओ१५७ हा घातक प्रकार पसरला, पण नमुन्यांत बशीवर जिवाणू फारच थोडे उगवत होते. मिठाच्या ताणाने ते सुप्त झाले असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. सॅल्मोनेलाच्या तपासणीत नमुना थेट निवडक (इतर जिवाणूंना अडवणाऱ्या) माध्यमावर न टाकता आधी बफर केलेल्या पेप्टोन पाण्यात (सौम्य पोषक द्रवात) ३७ अंशांवर सुमारे १८ तास ठेवतात तो याच धास्तीने. जखमी पेशी त्यात सावरतात. गाढ झोपलेल्या तरीही निसटू शकतात. डीएनए शोधणारी चाचणी त्या पकडते, पण ती मेलेल्या पेशीही मोजते.