माहितीपत्रकातला मॉरिशस मोजताना

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरातल्या टूर कंपन्यांच्या काउंटरवर मॉरिशसची गुळगुळीत माहितीपत्रकं दिसू लागतात. निळं पाणी, पांढरी वाळू, घेरदार झग्यातली नर्तकी, ट्रे धरलेला हसरा वेटर. दर बघून आपण पान उलटतो. पण त्यातली माणसं मोजायला बसलं तर पत्रक भलतंच बोलू लागतं. या मोजणीला आशय-विश्लेषण म्हणतात. त्यासाठी आखलेला कागद, पेन्सिल आणि चिकाटीची दोन माणसं पुरतात.

आधी बेटाची ओळख. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम चौथाईएवढं. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मूळ रहिवासी असे कुणीच नाहीत. फ्रेंचांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामी संपली, आणि त्याच सुमारास भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, येऊ लागले, पुढे चार लाखांहून जास्त. चिनी व्यापारी आले. या सगळ्यांसाठी राज्यघटनेत चार कप्पे आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. राहणीवरून पहिल्या तिघांत न बसणारा तो चौथ्यात, अशी व्याख्याच आहे. त्यामुळे उसाच्या मळ्याचा गोरा मालक आणि त्याच मळ्यावरच्या गुलामांचे वंशज क्रिओल, दोघेही एकाच कप्प्यात. जाहिरातीत मात्र हे दोघे एकत्र सापडणं कठीण.

मोजणीचं एकक फोटो धरायचं की माणूस, हे पहिल्यांदा ठरवा. फोटो धरला तर तमिळांच्या कावडीच्या मिरवणुकीतले तीस जण आणि एकटा वेटर सारखेच भरतात. माणूस धरला तर एका मिरवणुकीत सगळी बेरीज वाहून जाते. म्हणून दोन्ही रकाने ठेवावेत. मग प्रत्येक माणसापुढे लिहायचं: फोटोत पुढे की मागे, कॅमेऱ्याकडे बघतो का, अंगावर रोजचे कपडे, गणवेश की सणाचा पोशाख, आणि काय करतो: सेवा, सादरीकरण, पूजा, आराम की स्वतःचं काम. शेवटचा रकाना फोटोखालच्या ओळीत नाव आहे का याचा. तो लोक विसरतात. ‘स्थानिक कोळी’ आणि नावानिशी छापलेला कोळी यांत फार अंतर आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो चेहऱ्यावरून समाज ठरवण्यात. तसं करूच नये. आरामखुर्चीत पहुडलेली गोरी बाई पर्यटक आहे की फ्रेंच वंशाची मॉरिशियन, फोटो सांगत नाही. साध्या शर्टातला माणूस तमिळ की क्रिओल, तेही नाही. साडी, कावड, ड्रॅगन अशी खूण असेल तरच नोंद करायची, नाहीतर ‘अनिश्चित’. हा रकाना फुगला की मोजणारे घाबरतात आणि अंदाज ठोकतात. उलट तोच खरा निष्कर्ष असतो: या चित्रांत समाज ओळखू येतो तो पोशाख चढवल्यावरच.

गणपतीचा फोटो आला तर? गणेश चतुर्थीची तिथं सार्वजनिक सुट्टी असते. हा सण नेला मराठी गिरमिटियांनी. कोकणातल्या जाखडी नाचाचं त्यांचं रूप, झाकरी, अजून नाचलं जातं. घटनेत मात्र ते ‘हिंदू’ कप्प्यात जातात. तेव्हा ओळीत काय छापलंय ते जसंच्या तसं उतरवून घ्या, आपल्या मनानं ‘मराठी’ लिहू नका.

दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग ताडून बघायचं. समजा ‘सेवा करतो / करत नाही’ या रकान्यात १००पैकी ८० फोटोंवर दोघांचं जमलं. दोघांनीही निम्म्या फोटोंवर ‘करतो’ लिहिलं असेल, तर नुसत्या योगायोगानंही ५० जुळले असते. उरलेल्या ५०पैकी खरे कमावले ३०, म्हणजे ०.६. हा संख्याशास्त्रज्ञ कोहेन यांचा १९६०चा कप्पा गुणांक (कप्पा हे ग्रीक अक्षर; घटनेतल्या कप्प्यांशी त्याचा संबंध नाही). तो ०.७च्या खाली आला तर मोजणारी माणसं नाही, व्याख्या बदला. हाताची घडी घालून उभा असलेला आचारी सेवेत धरायचा की नाही, असल्या जागीच बहुतेक वेळा अडतं.

सेगाचं प्रकरण वेगळं. हा गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेला नाच. पाय जमिनीवरून फारसे न उचलता, सरकवत नाचतात. साथीला रावान: लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, वाजवण्याआधी आगीवर शेकलेलं. हलगी तापवताना पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही; कातडं गार पडलं की आवाज बसतो. युनेस्कोनं २०१४ मध्ये पारंपरिक सेगाला वारसा यादीत घेतलं. हॉटेलातला सेगा बुफेच्या वेळेत बसवलेला, माइक आणि झगमगत्या झग्यांचा. समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये असल्या प्रकाराला ‘रंगमंचावरची अस्सलता’ म्हटलं. तक्त्यात दोन्ही ‘सादरीकरण’ म्हणून एकच पडतात, म्हणून आणखी एक खूण करायची: प्रेक्षक फोटोत आहेत का, आणि ते कोण?

बेटाच्या नोटा शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. २५ रुपयांवर चिनी वंशाचे आ-शुएन, १०० वर तमिळ सीनीवासेन, २०० वर मुस्लिम अब्दुल रझाक मोहमद, १,००० वर क्रिओल नेते गाएतां द्युवाल. सगळं तोलूनमापून. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली, गदारोळ उठला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. मतदारांसमोर क्रम चुकवून चालत नाही. माहितीपत्रकाचा वाचक मात्र तिथला मतदार नसतो. तिथं असा तोल लागत नाही: २००९च्या पर्यटन घोषवाक्याची भाषा फ्रेंचच होती.

माणूस नसलेले फोटो गाळू नका. ल मोर्नचा ५५६ मीटरचा डोंगर पत्रकात रिकामाच असतो, समोर फार तर पतंगाच्या दोरीवर लाटा कापणारा एखादा. पळून आलेले गुलाम त्याच कड्यांत लपत, म्हणून २००८ मध्ये तो जागतिक वारसा झाला. अशा फोटोपुढे ‘माणसं: ०’ लिहून शेजारी जागेचं नाव लिहावं. हाताला सराव हवा असेल तर कोल्हापूरच्या पर्यटन पोस्टरपासून सुरुवात करा. फेटा आणि पैलवान पटापट भरले जातील. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चपलेशी आलात की थांबा, आणि कातडं कमावणारे, चप्पल शिवणारे हात चौकटीत आहेत का ते बघून मगच आकडा लिहा.