स्वतःच स्वतःला दाखला देणारी सर्टिफिकेट ऑथॉरिटी

ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं की साइट खरी, हा समज आपल्याकडं अजून पक्का आहे, क्रोमनं 2023 मध्ये ते चिन्हच काढून टाकलं तरी. कुलूप एवढंच सांगायचं की या नावाचं सर्टिफिकेट, म्हणजे हे नाव त्याचंच असल्याचा डिजिटल दाखला, समोरच्याकडं आहे आणि मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. बँकेसारखं दिसणारं नाव घेऊन बसलेल्या चोरालाही त्या नावाचं सर्टिफिकेट मिळतं की!

आता बेळगावच्या उद्यमबागेतला एखादा कारखाना घ्या. सीएनसी मशीनचं प्रॉडक्शन दाखवणारं पान आतल्या नेटवर्कवर, पत्ता 192.168 नं सुरू होणारा, आणि उघडलं की ब्राउझर म्हणतो सुरक्षित नाही. सर्टिफिकेटं देणारी बाहेरची संस्था, सर्टिफिकेट ऑथॉरिटी म्हणजे सीए, असल्या पत्त्याला सर्टिफिकेट देतच नाही, कारण तोच पत्ता निपाणीतल्या राऊटरलाही असतो आणि खानापुरातल्याही, मालक कोण म्हणून लिहिणार? मग आपली प्रायव्हेट सीए काढायची.

अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर हे बटणं दाबून होतं, पण मजा सीडीके, म्हणजे क्लाउडवरच्या गोष्टी कोडनं उभ्या करायची लायब्ररी, तिच्यातून कोड लिहिण्यात आहे, पोटातलं सगळं दिसतं. तिथं एका सीएला तीन तुकडे लागतात. पहिल्यात प्रकार रूट (सगळ्यात वरची), किल्लीचा म्हणजे कीचा प्रकार आरएसए 2048, सहीची पद्धत आणि नाव. एवढ्यावर किल्ल्यांची जोडी तयार होते, एक गुप्त ठेवायची प्रायव्हेट की, दुसरी सगळ्यांना द्यायची पब्लिक की. प्रायव्हेट की हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल, म्हणजे किल्ल्या सांभाळणारं खास यंत्र, त्याच्या बाहेर येत नाही. पण सीए चालू झालेली नसते, स्टेटस 'पेंडिंग सर्टिफिकेट'. रहिवासी दाखला पंचायत देते, पण पंचायतीला दाखला कोण देणार? रूटच्या वर कुणीच नाही, म्हणून ती स्वतःच्याच नावाचा अर्ज, सीएसआर, पुढं करते. दुसरा तुकडा तो अर्ज घेऊन परत त्याच सीएकडं सहीला जातो. नाव, पब्लिक की, मुदत हा सगळा मजकूर एसएचए-256 या गणिती पद्धतीतून काढला की 256 बिटांचा आकडा येतो, मजकुरातलं एक अक्षर बदललं तर साधारण निम्मे बिट उलटतात, त्या आकड्यावर प्रायव्हेट कीनं सही होते आणि पब्लिक की असलेला कुणीही ती तपासतो. इथं 'रूट सीए' टेम्प्लेट, म्हणजे सर्टिफिकेटचा साचा, सांगायचंच, नाही सांगितलं तर डिफॉल्टनं साधं सर्टिफिकेट निघतं, त्याला दुसऱ्याच्या कागदावर सही करायचा अधिकार नसतो. तिसरा तुकडा, अ‍ॅक्टिव्हेशन, सही झालेलं सर्टिफिकेट सीएमध्ये बसवतो. झाली चालू.

खंडेनवमीला सर्व्हरला हार घाला, हरकत नाही, पण लिंबू-मिरची प्रायव्हेट की राखत नाही. आणि 'मिलिटरी ग्रेड सिक्युरिटी' विकायला येणाऱ्यालाही तेवढंच विचारा, प्रायव्हेट की ठेवता कुठं?

खर्चाचं आधीच बघा. एडब्ल्यूएसवर साध्या मोडमध्ये एका सीएला महिन्याला 400 डॉलर, एकही सर्टिफिकेट काढलं नाही तरी, सात दिवसांच्या मुदतीची सर्टिफिकेटं चालत असली तर 50. बारक्या कारखान्याला ओपनएसएसएल नावाच्या सॉफ्टवेअरनं फुकटात होतं, फक्त प्रायव्हेट की सांभाळायचं ओझं आपल्या डोक्यावर.

एवढं करूनही ब्राउझर ओरडणारच, कारण या सीएला बाहेर कुणी ओळखत नाही. रूट सर्टिफिकेट प्रत्येक पीसीवर जाऊन टाकायला लागतं. फोनचं आणखी वेगळं, अँड्रॉइड 7 पासून यूजरनं टाकलेल्या सीएवर अ‍ॅप आपोआप विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा कारखान्याचं अ‍ॅप असेल तर ते बनवणाऱ्याकडून त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ही सीए घालून घ्या.