नेपोलियनकालीन लढायांचे पुनर्मंचन

नेपोलियनकालीन लढायांचे पुनर्मंचन : फ्रान्सचा सम्राट पहिला नेपोलियन याच्या काळातील (साधारण १८०३–१८१५) लढाया, कवायती आणि छावण्या त्या काळच्या पोशाखात व शस्त्रांसह पुन्हा उभ्या करण्याचा छंद. तो करणाऱ्यांना ‘रीएनॅक्टर’ म्हणतात. एरवी शिक्षक, वकील किंवा गवंडी असलेली ही मंडळी सुटीत पदरमोड करून शिपाई होतात. भर लढाईपेक्षा रोजच्या जगण्यावर असेल, तर त्याला ‘लिव्हिंग हिस्टरी’ म्हणजे जिवंत इतिहास म्हणतात. सकाळी छावणीत चूल आणि दुपारी मैदानात लढाई, अशी दोन्हींची बहुधा सरमिसळच असते.

नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला त्या वॉटर्लूच्या लढाईचा देखावा लंडनच्या ॲस्टली यांच्या नाट्यगृहात १८२४ मध्येच खऱ्या घोड्यांनिशी सादर झाला होता. लढाईला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. पण तो तिकीट लावून केलेला खेळ होता. हौशी पलटणी उभ्या राहिल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

बेल्जियममधील वॉटर्लू (१८ जून १८१५), चेक प्रजासत्ताकात ब्रनोजवळचे ऑस्टर्लिट्झ (२ डिसेंबर १८०५), जर्मनीतील लाइपझिग (ऑक्टोबर १८१३) आणि रशियातील बोरोदिनो (सप्टेंबर १८१२) ही या छंदाची मुख्य ठिकाणे. ऑस्टर्लिट्झला जाणाऱ्यांना डिसेंबरची थंडी सोसावी लागते. वॉटर्लूच्या द्विशताब्दीला, जून २०१५ मध्ये, सुमारे ५,००० हौशी सैनिक, ३०० घोडे आणि १०० तोफा जमल्या होत्या. मूळ लढाईत दोन लाखांच्या आसपास सैनिक होते; म्हणजे चाळिसांमागे एक. त्याच वर्षी या लढाईच्या स्मरणार्थ दोन युरोचे नाणे काढायला फ्रान्सने हरकत घेतली, तेव्हा बेल्जियमने अडीच युरोचे काढले. जखम अजून पुरती भरलेली नाही, असे दिसते.

पलटणीचा देश आणि माणसाचा देश एकच असतो असे नाही. फ्रेंच पलटणींत इंग्रज, जर्मन, चेक सर्रास भरती होतात आणि घरी फ्रेंचचा गंध नसलेला माणूस मैदानात फ्रेंच हुकमांवर पाऊल टाकतो.

सारा जीव अडकलेला असतो तो चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या, बंदुकीत. कागदी काडतूस दाताने फाडायचे, चिमूटभर दारू बंदुकीच्या कानाशी रंजक म्हणून घालायची, उरलेली नळीत ओतायची. गोळी अर्थातच नसते. मूळ शिपाई गजाने गोळी ठासत असे. इथे गज सहसा जागचा हलवतच नाहीत, कारण घाईत नळीत विसरला तर तो बाणासारखा सुटेल. चाप ओढला की बंदुकीच्या घोड्याला बसवलेली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकात पडते आणि बार होतो. निदान व्हायला हवा. पाऊस असेल किंवा गारगोटी बोथट झाली असेल, तर नुसतेच ‘खट्’. दोनचार फैरींत ओठ काळे होतात, तोंडाला सोऱ्याची खारट चव येते, आणि वारा पडलेला असला तर धुरात समोरची रांग दिसेनाशी होते.

पोशाखाच्या बाबतीत काही पलटणी फार कडक. काज हाताने शिवलेले हवे, कापड जाड लोकरीचे हवे, मनगटी घड्याळ आणि प्लॅस्टिकची बाटली नजरेला पडता कामा नये. शिवणीचे टाके मोजणाऱ्या अशा सोवळ्या मंडळींची इतरजण थट्टाही करतात. पण या सोवळ्यात तथ्य आहे. त्या काळातला शिपाई विशीतला, अर्धपोटी आणि बहुतेकदा सक्तीने भरती केलेला होता; त्याची भूमिका इथे पुष्कळदा पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ करतो. आणि मरण तर आणताच येत नाही. पहिल्याच फैरीत पडायला कोणी राजी नसते, कारण इतक्या लांबून येऊन मग तासभर गवतात पडून राहावे लागते. जे खरे करता येते ते बटणच, म्हणून सारा कटाक्ष बटणावर.

ब्रिटिश पलटणींच्या हातातल्या बंदुकीचे नाव ‘इंडिया पॅटर्न’. हा नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठीचा. १७९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने तो आपल्या सैन्याकरता उचलला. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन, तेव्हाचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. रणांगणावरची आपली सर्वोत्तम कामगिरी म्हणून उतारवयात त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले होते. आज युरोप-अमेरिकेतील हौशी सैनिक ज्या नकली बंदुका वापरतात, त्यांतल्या स्वस्तातल्या पुष्कळशा भारतातच बनतात.