चेंबरखाली जॅक लावला की इंजिन सांभाळलं?

‘गिअरबॉक्स उतरवताना ऑइल चेंबरखाली (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावा, झालं काम’ हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय. अर्धाच खरा आहे.

ठोकळ्याने भार पसरतो, हे कबूल. पण चेंबर म्हणजे बहुधा पातळ पत्रा, नाहीतर ॲल्युमिनियमचं ओतकाम. पत्रा आत दबतो, ओतकाम तडकतं. आणि चेंबरच्या तळापासून जेमतेम काही मिलिमीटरवर ऑइल पंपाची जाळी असते. पोचा तिला टेकला की तेल खेचणं कमी होतं, बेअरिंगं उपाशी राहतात. बाहेरून दिसतो फक्त एक खळगा!

शिवाय आडव्या बसवलेल्या इंजिनात गिअरबॉक्सकडचं माउंटिंगही, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडणारा आधारही, भार पेलतं. ते सुटलं की इंजिन त्या बाजूला कलतं. हायड्रॉलिक जॅक तर सील गळाला की हळूहळू बसतोच.

म्हणून आधार वरून द्या: बोनेटखालच्या दोन्ही कडांच्या मजबूत भागावर टेकणारा सपोर्ट बार, त्याची साखळी इंजिनच्या उचलायच्या कड्यांत. गाडी स्टँडवर, जॅक फक्त गिअरबॉक्सखाली. गिअरबॉक्स त्याच्या इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये शिरणारा दांडा) लोंबकळत ठेवू नका, क्लच प्लेट वाकते.