हरलेला डाव चारचौघांत मांडण्याची परंपरा

२१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये अडॉल्फ अँडरसन आणि लिओनेल किझेरित्स्की एक मैत्रीचा डाव खेळले. पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा त्याच सुमारास लंडनमध्ये चालू होती, पण हा डाव तिच्याबाहेरचा, मोकळ्या वेळेतला. अँडरसनने आधी एक उंट दिला, मग दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही देऊ केला. उरलेला उंट आणि दोन घोडे मिळून काळ्या राजाला असे कोंडतात की २३व्या चालीला मात होते. आज हा 'अमर डाव' म्हणून ओळखला जातो. हे नाव त्याला १८५५ मध्ये अर्न्स्ट फाल्कबीअर या बुद्धिबळपटूने दिलं.

पण हा डाव जगासमोर आणला तो हरलेल्या किझेरित्स्कीने. पॅरिसमधून तो 'ला रेजांस' नावाचं मासिक चालवायचा. त्यात जुलै महिन्यातच त्याने हा डाव छापला. झाकून ठेवला असता तर मैत्रीच्या एका डावाची आठवण कोण काढणार होतं?

आज हजारो हौशी खेळाडू रात्री डाव हरतात आणि दहा मिनिटांत तो इंटरनेटवर टाकून विचारतात, "माझं कुठे चुकलं?" त्यांची नाळ थेट इथे जुळते. ही सवय संगणकाने लावली असं वाटतं, पण ती बरीच जुनी आहे.

मुळात ती शक्य झाली कारण बुद्धिबळाचा डाव कागदावर पूर्ण उतरतो. मैफलीची नोंद वाचून सूर ऐकू येत नाही. क्रिकेटचं धावफलक पाहून फटका दिसत नाही. डावाच्या चाली मात्र चारशे वर्षांनी पटावर मांडल्या तरी जसा झाला तसाच डाव पुन्हा उभा राहतो. आता ई४, ई५ असं लिहायला आपल्याला क्षणही लागत नाही, पण हे सोपेपण यायला फार काळ गेला. जुन्या पुस्तकांत प्रत्येक चाल वाक्यात सांगायची पद्धत होती: राजाचं प्यादं दोन घरं पुढे, वगैरे. अलेप्पोहून युरोपात आलेल्या फिलिप स्टामाने १७३७ मध्ये पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात घरांना अक्षर आणि अंक दिले. तरी इंग्रजीभाषक जग आणखी दोनशे वर्षं जुन्याच वर्णनात्मक पद्धतीला चिकटून राहिलं. त्या पद्धतीत एकाच घराला पांढऱ्याच्या बाजूने एक नाव आणि काळ्याच्या बाजूने दुसरं, त्यामुळे गोंधळ ठरलेला. जागतिक संघटना फिडे हिने १९८१ पासून फक्त अक्षर-अंकांची पद्धत ग्राह्य धरली.

चाली लिहायची सोपी पद्धत येण्याआधीही डावांची देवाणघेवाण थांबलेली नव्हती. नवव्या-दहाव्या शतकात बगदादच्या दरबारी अल-अदली आणि अस-सूली यांनी पटावरच्या कूटस्थिती लिहून ठेवल्या. अस-सूलीची एक रचना तर पार विसाव्या शतकापर्यंत सुटली नव्हती. व्हॅलेन्सियातल्या तीन कवींनी १४७५च्या सुमारास एका दीर्घ कवितेत अख्खा डाव गुंफला. आजच्या नियमांनी, म्हणजे लांब पल्ल्याच्या वजिराने खेळलेला तो सर्वांत जुना नोंदलेला डाव मानतात. सतराव्या शतकात जोआकिनो ग्रेको हा इटालियन खेळाडू आपल्या डावांची हस्तलिखितं तयार करून आश्रयदात्यांना भेट द्यायचा. ही सगळी देवाणघेवाण अर्थात दरबार आणि सरदारांपुरतीच होती.

दार खऱ्या अर्थाने उघडलं ते एकोणिसाव्या शतकात, टपाल आणि छापखान्यामुळे. १८२४ ते १८२८ या काळात एडिनबरो आणि लंडन या दोन क्लबांनी पत्रांतून पाच डाव खेळले. एडिनबरोने दोन जिंकले, एक गमावला, दोन बरोबरीत सुटले. डाव सुरू करण्याच्या 'स्कॉच' या पद्धतीला नाव मिळालं ते याच सामन्यामुळे. एकेका चालीवर क्लबमध्ये दिवसचे दिवस खल व्हायचा, म्हणजे एकत्र बसून विश्लेषण करणं हाच खेळाचा भाग झाला. १८४४ मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यात तारेवरून डाव झाले, तेव्हा अमेरिकेतली ती तार सुरू होऊन काही महिनेच झाले होते. दळणवळणाचं नवं साधन आलं की बुद्धिबळपटू पहिल्या रांगेत उभे असतात, हे पुढेही पुन्हा पुन्हा दिसतं.

१८३४ मध्ये लंडनमध्ये ला बूर्दोने आणि मॅकडॉनेल या त्या काळच्या अव्वल खेळाडूंमध्ये सामन्यांची मालिका झाली, ८५ डावांची. त्या काळी खेळाडूंनी स्वतः नोंद ठेवायची पद्धत नव्हती. क्लबचे वयस्कर चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर पटाशेजारी बसून चाली उतरवून घेत. १८३५ मध्ये मॅकडॉनेल गेला, १८४० मध्ये ला बूर्दोने. वॉकर नसते तर त्या झुंजीतलं काहीही उरलं नसतं. खेळाच्या इतिहासात त्यांचं नाव विजेत्यांच्या बरोबरीने घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

यानंतर नियतकालिकं आली. ला बूर्दोनेनेच १८३६ मध्ये 'ल पालामेद' हे केवळ बुद्धिबळाला वाहिलेलं पहिलं मासिक काढलं. हॉवर्ड स्टाँटन हा इंग्रज खेळाडू १८४५ पासून एका लोकप्रिय लंडनी साप्ताहिकात स्तंभ लिहू लागला. वाचक त्याला डाव, कोडी, शंका पाठवत आणि तो छापील उत्तरं देई. उत्तर ज्याला द्यायचं त्याची फक्त आद्याक्षरं वर आणि प्रश्न काय होता याचा पत्ता नाही. बाकीच्या वाचकांनी उत्तरावरून प्रश्न ओळखायचा. दूरवरच्या गावात एकटाच खेळणारा माणूस अशा स्तंभामुळे एका मोठ्या वर्तुळाचा भाग झाला.

विसाव्या शतकात सोव्हिएत जगज्जेता मिखाईल बोट्विनिकने या सवयीला शिस्तीचं रूप दिलं. खेळाडूने आपल्या डावांचं विश्लेषण लिहावं आणि प्रसिद्ध करावं, कारण चार लोकांच्या टीकेला तोंड द्यावं लागलं तरच माणूस स्वतःशी प्रामाणिक राहतो, असा त्याचा आग्रह होता. १९६६ पासून बेलग्रेडहून 'शाहोव्स्की इन्फॉर्मेटर' हे डावांचं नियतकालिक निघू लागलं. त्यात शब्दच नव्हते. कोण वरचढ आहे, कुठली चाल सक्तीची आहे, कुठली नवी आहे, हे सगळं खुणांनी सांगितलेलं. रशियन, स्पॅनिश, हंगेरियन वाचकांना एकच पान सारखंच कळे. देशांच्या सीमा ओलांडायला ही युक्ती फारच उपयोगी पडली. पण त्यात खेळाडूच्या मनात काय चाललं होतं, हे मात्र गळून गेलं.

संगणकाच्या काळातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट दिसायला अगदी साधी आहे. १९९३ मध्ये स्टीव्हन एडवर्ड्स यांनी पीजीएन नावाची डाव लिहिण्याची पद्धत ठरवली. वर सात ओळी: स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा, निकाल. खाली चाली, आणि कंसात हवी तेवढी टिप्पणी. साधा मजकूर असल्याने तो कुठल्याही संगणकावर उघडतो, माणसालाही वाचता येतो आणि कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या मार्क क्राउदर यांनी 'द वीक इन चेस' सुरू केलं आणि आठवड्याभरातल्या स्पर्धांचे डाव कुणालाही फुकट मिळू लागले. पूर्वी हेच डाव हाती यायला महिने लागायचे.

इंटरनेटवर समोरासमोर खेळणं १९९२ मध्येच सुरू झालं होतं. १९९५ मध्ये तो मूळ सर्व्हर पैसे आकारू लागला, तेव्हा नाराज मंडळींनी मोफत सर्व्हर उभा केला. पैसे घ्यावेत की फुकट द्यावं, हा वाद आजही जिवंत आहे आणि माझं मत उघडपणे मोफतवाल्यांच्या बाजूला आहे. २००७ मध्ये चेस डॉट कॉम आलं. २०१० मध्ये थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने लिचेस हे संकेतस्थळ काढलं, ते जाहिरातींशिवाय देणग्यांवर चालतं आणि त्यावर खेळलेले डाव दर महिन्याला सर्वांसाठी खुले करतं.

एकत्र विचार करण्याची ताकद किती, हे १९९९ मध्ये दिसलं. जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह एकीकडे आणि इंटरनेटवरून मत देणारं सगळं जग दुसरीकडे, असा तो डाव. पंच्याहत्तरहून अधिक देशांतल्या पन्नास हजारांवर लोकांनी त्यात भाग घेतला. किशोरवयीन इरिना क्रशने सुचवलेल्या १०व्या चालीने डाव नव्या वाटेला लागला, आणि पुढे अनोळखी लोक एकमेकांनी सुचवलेल्या पुढच्या चाली तपासत राहिले. कास्पारोव्ह ६२ चालींनंतर जिंकला खरा, पण त्याला तोवर इतकी मेहनत कुठल्याच डावावर करावी लागली नव्हती.

मग इंजिनं, म्हणजे स्वतः चाली शोधणारे प्रोग्रॅम, सगळ्यांच्या हाती आली. २००८ पासूनचं स्टॉकफिश तर मोफत आणि खुलं. आता फोनमधलं इंजिन जगज्जेत्यापेक्षा सरस खेळतं आणि कुठली चाल चुकली हे एका सेकंदात सांगतं. त्यामुळे लोकांचं एकमेकांना विचारणं संपेल अशी भीती होती. झालं उलटंच. पांढऱ्याला दीड प्याद्याचा फायदा आहे, एवढं इंजिन सांगतं. तो का आहे हे साध्या खेळाडूला कळत नाही. म्हणून टिप्पण्यांची भाषा बदलली. "इथे माझ्याकडे चार मिनिटं उरली होती. उंट घेतला तर घोडा अडकेल असं वाटलं, म्हणून घाबरून किल्लेकोट केला." खुणांच्या भाषेत गळालेलं ते मन परत आलं, आणि त्याबरोबर सलग पाच डाव हरल्यावरची चिडचिड, नोकरीतून सरावाला वेळ कसा काढायचा याची चर्चाही आली. टाळेबंदीच्या २०२० सालात डाव खेळता खेळता मोठ्याने विचार करून दाखवणारे खेळाडू लाखो लोकांनी पाहिले, तेही याच ओढीने.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात आयोजकांनी चाली थेट दाखवण्याचा हक्क फक्त आपला असल्याचा दावा करून न्यायालय गाठलं. न्यायाधीशांनी मनाई हुकूम द्यायला नकार दिला. खेळलेली चाल ही घडलेली वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाची मालकी चालत नाही.

या खुलेपणाचा एक वेगळाच उपयोग २०२० मध्ये झाला. टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मिळून 'माया' हे इंजिन घडवलं. सर्वोत्तम चाल शोधणं हे त्याचं कामच नाही. ठरावीक दर्जाचा माणूस कुठली चाल खेळेल, हे ते ओळखतं. ११०० ते १९०० रेटिंगपर्यंत (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) त्याच्या नऊ आवृत्त्या केल्या. त्यांना शिकवायला वापरले गेले लिचेसवर सामान्य खेळाडूंनी खेळलेले कोट्यवधी डाव, त्यांतल्या सगळ्या घोडचुकांसकट.