अंगातलं पाणी सुटलं की दगड वितळतो

काटोलपासून पार बुलढाण्यापर्यंत जिकडे पाहाल तिकडे काळा दगड, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यामुळे आपल्याकडे दगड म्हटला की ज्वालामुखीच असं डोक्यात पक्कं बसलंय. परवा एकाने लिहिलं की ग्रॅनाइटही ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच, म्हणून हे टाइप करून राहिलो. ग्रॅनाइट जमिनीखालीच थिजतो, आणि खाली काही लाव्ह्याचा समुद्र वगैरे नाही, तिथेही बहुतेक घट्ट दगडच आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या मनसरहून देवलापारकडे निघालं की दगड बदलतो. पांढुरके-गुलाबी पट्टे, मधे काळपट पट्टे, आणि उन्हात चकाकणारं अभ्रक. इथे साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंड एकमेकांत घुसले, पर्वत उभा झाला, पुढे झिजला, आपण पाहतो ते त्याचं मूळ.

आता खरी गंमत. टक्कर झाली की पृथ्वीचं ३५-४० किमीचं कवच ६०-७० किमी जाड होतं. त्यातलं युरेनियम, थोरियम, पोटॅशियम हळूहळू उष्णता सोडत राहतं आणि वर एवढं जाड पांघरूण, त्यामुळे दोनेक कोटी वर्षांत खालचा भाग ७००-८०० डिग्रीवर जातो. कोरडा दगड एवढ्यात वितळत नाही, पण अभ्रकाच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, अभ्रक मोडलं की ते सुटतं, आणि कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो तसं हे पाणी दगडाचा वितळबिंदू खाली आणतं. आधी पांढरं अभ्रक मोडतं, मग काळं. कणाकणांमधे वितळलेल्या दगडाचा रस सुटतो, शिरांमधे गोळा होतो, हलका म्हणून वर सरकतो. पण वर दाब कमी, मग रसातलं पाणी निसटतं, वितळबिंदू परत चढतो आणि रस फारसा थंड न होताच तिथेच थिजायला लागतो! भोवती गरम दगड असल्याने बाकीचं निवणं सावकाश, म्हणून क्वार्ट्झ, फेल्डस्पार या खनिजांचे दाणे डोळ्यांना दिसतील एवढे मोठे. हाच ग्रॅनाइट.

आणि हे चकाकणारं अभ्रक पाहून गुप्तधन आहे म्हणत अमावस्येला लिंबू-कोंबडं घेऊन खड्डे खणणारे लोक अजून आहेत, बाप्पा. तिथे सोनं नाही, अन् २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार केले तर जेल आहे.

हिमालयात नेपाळमधल्या मनास्लू शिखराचा ग्रॅनाइट असाच टकरीतून झाला, जेमतेम दोन कोटी वर्षांचा. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा 'ब्लॅक ग्रॅनाइट' मात्र बहुतेक वेळा गॅब्रो नाहीतर डोलेराइट, म्हणजे वेगळेच काळे दगड, दुकानदार काहीही सांगो.